तळमजल्यावर चार भाडेकरू: सांगलीतल्या एका मेटलकोर-इलेक्ट्रॉनिक पहिल्या आल्बमचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझा सांगलीत विश्रामबागच्या बाजूला छोटा स्टुडिओ आहे. छोटा म्हणजे दोन खोल्या, मधे काच, आणि एक एसी जो रेकॉर्डिंग चालू असताना बंद ठेवावा लागतो. रोजचं काम भजनांचं, लग्नाच्या गाण्यांचं, निवडणुका आल्या की प्रचाराच्या जिंगलचं आणि गणपतीच्या आधी दीड महिना मंडळांच्या गाण्यांचं. मेटल मी कॉलेजात ऐकलं होतं, मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून एक गाणं करणं, कधी केलं नव्हतं, हे मी त्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

बँडमधे पाच जण. गिटारवाला, ज्याच्या डोक्यातनं सगळे रिफ, म्हणजे गिटारचे परत परत येणारे तुकडे, येतात. बेसवाला, ज्याच्या काकांचं हळदीचं गोडाऊन आहे आणि तिथंच यांची प्रॅक्टिस चालायची. ड्रमर. मिरजेला फिजिओथेरपी शिकणारी पोरगी, ती गाते आणि स्क्रीम करते, लहानपणी शास्त्रीयच्या चारपाच परीक्षा दिलेली. आणि पाचवा तो, ज्याला सगळे डीजे म्हणायचे, कारण तो खरंच सीझनला डॉल्बी ऑपरेट करायचा आणि बाकी वर्षभर लॅपटॉपवर ट्रान्स नाहीतर ड्रम अँड बेस असलं डान्स म्युझिक बनवत बसायचा. नावं कुणाचीच देत नाही, आणि ओळख लागेल असे एकदोन तपशील बदललेत.

यांना मेटलकोर, म्हणजे मेटल आणि हार्डकोर पंकचं मिश्रण, आणि इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक एकत्र करायचं होतं, आणि ते जगात नवीन नव्हतं. इंग्लंडच्या एंटर शिकारीने 2007 लाच मेटलकोरच्या घरातलं हार्डकोर आणि ट्रान्स एकत्र करून पहिला आल्बम स्वतःच्या लेबलवर काढला आणि तो तिकडच्या चार्टवर चौथ्या नंबरपर्यंत गेला. ही गोष्ट पोरांना पाठ होती, ‘स्वतःच्या लेबलवर’ हे शब्द तर फारच. पण त्याच बँडमधला गाणारा आणि इलेक्ट्रॉनिक्स बघणारा माणूस एकच आहे, म्हणजे किंचाळी कुठं आणि सिंथ (सिंथेसायझर) कुठं हे भांडण झालं तर ते एकाच टाळक्यात होणार, इकडं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या पण नाही.

माझ्याकडे आले तेव्हा 11 गाण्यांचे डेमो तयार होते आणि पाच जणांनी मिळून एक लाख दहा हजार जमवले होते. त्यातले चाळीस माझे ठरले.

अडचण काय होती

पहिला मिक्स ऐकवला त्या दिवशी गिटारवाला म्हणाला गिटार कुठाय, डीजे म्हणाला सब (सिंथचा सगळ्यात खालचा बेस) कुठाय, बेसवाला काही बोलला नाही कारण त्याला सवय होती. आणि गंमत म्हणजे तिघंही बरोबर होते.

थोडं समजावून सांगतो. गिटार सात तारांची, सगळ्यात खालची तार ए वर उतरवलेली, म्हणजे आपल्या भाषेत पेटीवरची पांढरी सहा, 55 हर्ट्झ. बेस त्याच्या एक सप्तक खाली, 27.5. डीजेचा सब-बेस परत 55 च्या आसपास कारण गाणं ए मधे. आणि किक, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका, तो पण 50 ते 60 च्या मधेच. म्हणजे घर एक, तळमजल्यावर भाडेकरू चार, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण डिपॉझिट भरलंय. मोबाईलच्या स्पीकरवर तर हा मजला ऐकूच येत नाही, तिथं नुसती करकर ऐकू यायची, आणि डीजेच्या डॉल्बीवर लावलं की नुसतं घूं. मधे गाणं कुठंच नव्हतं.

त्यात ब्रेकडाऊन, म्हणजे मेटलमधला संथ, जड भाग, सुरू होताना तो जो खोल घसरत जाणारा सब-ड्रॉप टाकतात, ‘बॉम्ब’ म्हणायचे हे, असे बॉम्ब मी मोजले तर 11 गाण्यांत 23 निघाले. दिवाळी होती नुसती.

दुसरी अडचण आवाजाची, म्हणजे गायिकेच्या. तिची सहा गाणी मार्चमधे गोडाऊनमधे रेकॉर्ड केली होती. मार्च म्हणजे सांगलीत हळदीचा सीझन, गोडाऊन पोत्यांनी छतापर्यंत भरलेलं, आणि हळदीच्या पोत्यांसारखं साऊंड खाणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही, महागडे फोम झक मारतील. आवाज एकदम कोरडा, कानाजवळ. उरलेली पाच गाणी जूनच्या शेवटी केली. तोवर काकांना भाव मिळाला होता आणि पोती गेली होती. रिकामी शेड, पत्र्याचं छत. त्या पाच गाण्यांत ती विहिरीतनं ओरडतीय असं वाटायचं. हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, सगळ्यांना वाटायचं माईक बदलला म्हणून असेल. माईक तोच होता, फक्त पॉप फिल्टर पिवळा झाला होता.

आणि तिसरी अडचण, जी खरी होती आणि जी मला सगळ्यात उशिरा दिसली, ती म्हणजे शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलेलंच नव्हतं. प्रत्येक मिक्सवर ग्रुपमधे चाळीसेक मेसेज यायचे. मी एकाचं ऐकून गिटार वर केली की दुसऱ्या दिवशी दुसरा एकटा येऊन सब वर करून जायचा, चहा पाजून. असे तीन महिने गेले. खोटं कशाला बोलू, चहा मला आवडायचा.

पर्याय काय काय होते

तळमजल्यासाठी सगळ्यात सोपा उपाय ईक्यू, म्हणजे आवाजातला ठरावीक पट्टा कमीजास्त करणं. गिटारचा 90 च्या खालचा भाग कापायचा, बेसला थोडी जागा, किकला थोडी जागा. ते केलं, फरक पडला, पण ती पोटभाडेकरूची व्यवस्था झाली, सगळेच अवघडून बसलेले.

मग डीजेचा हट्ट साईडचेनचा. म्हणजे किक वाजली की सब क्षणभर दबतो आणि परत फुगतो, डान्स म्युझिकमधला तो श्वास घेतल्यासारखा इफेक्ट. त्याच्या ट्रॅकवर हे मस्त चालायचं. 140 च्या टेम्पोला दोन ठोक्यांत जवळजवळ 430 मिलिसेकंद मिळतात, सबला दबून परत उठायला भरपूर वेळ. पण इथं ड्रमर डबल बेस मारतो, म्हणजे दोन्ही पायांनी किक, एका ठोक्यात चार, म्हणजे दर 107 मिलिसेकंदाला एक किक. सब दबला की उठायच्या आत परत लाथ. सगळ्यात जोरात वाजायला पाहिजे त्या ठिकाणी सब गायब. डीजे दोन दिवस प्लगइन बदलत बसला, शेवटी मी त्याला म्हटलं अरे प्लगइनचा दोष नाही बाबा, हा गणिताचा आहे.

तिसरा पर्याय होता ट्यूनिंग वर घ्यायचं, सगळी गाणी परत वाजवायची. गिटारवाला उठून बाहेर गेला आणि गाडीला किक मारली. तो पर्याय तिथंच संपला.

चौथा, जो मी घाबरत घाबरत मांडला, की मिक्समधे हात घालायच्या आधी अरेंजमेंट बदलू. कुठल्याही एका क्षणी तळमजल्यावर एकच राहणार. कडव्यात सब असेल तर बेस गिटारचा 120 च्या खालचा भाग बंद, त्याची फक्त वरची गुरगुर ठेवायची. ब्रेकडाऊनला सब बंद, बेस खाली उतरणार. म्हणजे प्रत्येकाने काहीतरी सोडायचं. आता कुणी सोडायचं, हा प्रश्न आला आणि परत तिसऱ्या अडचणीवर येऊन आदळलो.

त्यावर आधी मतदान करून बघितलं. पाच जण, त्यामुळे निकाल लागतो हे खरं, पण प्रत्येक वेळी तीन-दोन लागायचा आणि ते दोघं आठवडाभर फुगून बसायचे. मग ते म्हणाले दादा तुम्हीच ठरवा, तुमचा शब्द शेवटचा. मी नाही म्हटलं. मला वाटलं आपला हा प्रकार नाही, उद्या कुणी म्हणेल भजनवाल्याने आल्बमची वाट लावली. हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चुकीचा निर्णय, आणि तो माझा होता.

काय केलं

शेवटी तोडगा काढला बेसवाल्याने, जो तीन महिने बोलला नव्हता. तो म्हणाला, “गाणी वाटून घ्या की ओ, रान वाटल्यागत.” प्रत्येक गाण्याला एक मालक. मालक ठरवणार तळमजल्यावर कधी कोण. बाकी चौघांना मिळून त्या गाण्यात एकदाच ‘नाही’ म्हणता येईल. गिटारवाल्याकडे चार गाणी, डीजेकडे तीन. उरलेल्या चार गाण्यांना मालक व्हायला कुणीच पुढं आलं नाही, आणि तेव्हा कळलं की ती चार गाणी कुणालाच आवडत नव्हती. त्यातल्या दोन गाण्यांत तर ब्रेकडाऊन दुसऱ्याच गाण्याचा होता, फक्त सिंथ बदललेला. ती काढून टाकली. 11 चे 7 झाले. एवढी स्वच्छ छाटणी मी समोर बसून दहा बैठकांत करू शकलो नसतो.

साईडचेनचा पण तोडगा निघाला, आणि तो डीजेनेच काढला हे सांगायला पाहिजे. खऱ्या किकने सब दाबायचाच नाही. एक वेगळा मुका किक ट्रॅक ठेवायचा, ऐकू न येणारा, फक्त दर ठोक्याला एकदा, आणि त्याने सब दाबायचा. ड्रमर वर काय वाट्टेल ते मारू दे, खालचा श्वास एका लयीत चालू. ऐकलं तेव्हा ड्रमर पहिल्यांदा हसला. बॉम्ब 23 वरनं 5 वर आले. पाचवा अजून माझ्या मते जास्तीचा आहे, पण ते गाणं डीजेचं.

ड्रम्सबद्दल दोन ओळी. पुण्याला जाऊन खरा ड्रमसेट रेकॉर्ड करायचे पैसे नव्हते, आणि नुसते माऊसने ठोकलेले ड्रम ड्रमरला अपमान वाटत होता, म्हणून इलेक्ट्रॉनिक किटवर त्याच्याकडनं पूर्ण वाजवून घेतलं आणि मिडीवर, म्हणजे कुठला ठोका कधी आणि किती जोरात याच्या नोंदीवर, चांगले सॅम्पल (आधी रेकॉर्ड केलेले ठोके) लावले. जिथं सिंथचा अर्पेजिओ (ओळीने सुटे सुटे स्वर) चालू आहे तिथं ठोके ग्रिडला, म्हणजे कॉम्प्युटरच्या तालाला, घट्ट बसवले, जिथं नाही तिथं त्याचा हात तसाच ठेवला.

आवाजासाठी मी फुगा फोडला. खरंच. रिकाम्या गोडाऊनमधे मधोमध उभं राहून मोठा फुगा फोडायचा, तो आवाज आणि त्यामागची घुमी रेकॉर्ड करायची, आणि त्यावरनं त्या जागेचा रिव्हर्ब बनवायचा. कोरड्या आवाजाला घुमी लावता येते, घुमलेल्या आवाजातनं घुमी काढणं फार अवघड, म्हणून जूनमधली जी गाणी उरली होती ती तिच्याकडनं माझ्या खोलीत परत गाऊन घेतली आणि मग सातही गाण्यांवर तो एकच फुगा लावला. काका दारात उभे होते, म्हणाले, “एवढ्यासाठी लाख रुपये घालवलं व्हय?”

तानपुऱ्याचं प्रकरण

यावर मुद्दाम वेगळं लिहितो कारण इथं आम्ही सगळेच शिकलो.

झालं असं की ज्याला डेमो ऐकवावा तो म्हणायचा यात आपलं काहीतरी टाका, ढोलकी टाका, हलगी टाका, दिल्लीच्या ब्लडीवूडने बघा ढोल घेऊन 2022 ला पहिला आल्बम काढला, कुठल्या कुठे गेले. मला हा सल्ला आवडत नाही. त्यांचं ते त्यांना शोभतं. आपण हलगी टाकायची तर ती गाण्याला पाहिजे म्हणून टाकायची, फॉरेनच्या लोकांना आपण कुठले ते कळावं म्हणून नाही. पोरं पण याच मताची होती, या एका बाबतीत पाचही जण एकमत.

पण गायिका म्हणाली की एका गाण्याच्या सुरुवातीला तिला लांबलचक एकच सूर पाहिजे, आणि सिंथचा कुठलाच पॅड (लांब चालणारा मऊ सूर) तिला पटत नाही. आणि मिरज दहा किलोमीटरवर. तिथली सतारमेकर मंडळी पिढ्यान् पिढ्या तंबोरे बनवतात, 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालं. तिच्या जुन्या गुरूंच्या ओळखीने एका कारखान्यात जनानी तानपुरा मिळाला, पांढरी सहावर लावून. म्हणजे आमच्या गिटारच्या खालच्या तारेचाच सूर. अर्धा दिवस रेकॉर्ड केलं.

जवारी म्हणजे काय हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच, घोडीचा पृष्ठभाग असा घासतात की तार त्याला हलकी चाटत वाजते आणि एका सुरातनं वरचे सगळे स्वर फुलतात. गिटारचं डिस्टॉर्शन वेगळ्या वाटेने तेच करतं, एका सुराला वरचे स्वर जोडतं. डीजेने तानपुऱ्यावर डिस्टॉर्शन टाकलं आणि जे निघालं ते ऐकून आम्ही गप्प झालो, एवढा मोठा, जिवंत आवाज. मग गिटारवाल्याने त्यावर रिफ वाजवला आणि सगळं बेसूर.

ट्यूनर बरोबर, तानपुरा बरोबर, तरी बेसूर. दोन दिवस गेले. शेवटी कारखान्यातल्या बुजुर्ग कारागिरांना फोनवरच ऐकवलं. ते म्हणाले, “खर्जाच्या तारेतनं गंधार निघतोय, ऐका की नीट. तो शुद्ध हाय. तुमचा पोरगा कोमल वाजवायला लागलाय.” झालं. स्वयंभू गंधार. किराणा घराण्याची माणसं ज्याच्याबद्दल एवढं बोलतात तो, आणि ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले त्या गावच्या माणसाने सांगितला. तार छेडली की पाचव्या हार्मोनिकला, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनाला, शुद्ध गंधार आपोआप येतोच, डिस्टॉर्शनने तो आणखी वर काढला, आणि आमचा रिफ मायनरमधे, कोमल गंधारावर. दोन्ही गंधार एकमेकांच्या छाताडावर.

पर्याय दोन होते. तानपुऱ्यातला तो स्वर ईक्यूने चिमटीत धरून कापायचा, नाहीतर रिफमधनं गंधार काढून नुसते पॉवर कॉर्ड, म्हणजे षड्ज-पंचम, वाजवायचे. पहिलं करून बघितलं तर तानपुरा मेल्यासारखा वाटला. मालक गिटारवाला होता, त्याने स्वतःचा रिफ बदलला. सुरुवातीचे सोळा बार नुसते पॉवर कॉर्ड, कोमल गंधार तानपुरा थांबल्यावरच पहिल्यांदा येतो. आल्बममधली माझी सगळ्यात आवडती जागा ती आहे.

निकाल

काम संपायला चौदा महिने लागले. मास्टरच्या, म्हणजे शेवटचा हात फिरवायच्या वेळी गिटारवाल्याला वजा सहा एलयूएफएस (आवाजाची पातळी मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितका मोठा आवाज) पाहिजे होतं, मी दाखवलं की स्पॉटिफाय नॉर्मल सेटिंगला वजा चौदावर आणूनच वाजवतं, म्हणजे एवढं दाबून शेवटी ते खालीच ओढणार, मग वजा साडेआठवर तडजोड.

पहिलं गाणं टाकलं आणि चौथ्या दिवशी यूट्यूबवर कन्टेंट आयडीचा, म्हणजे कॉपीराइट आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा, क्लेम आला. डीजेने एका रॉयल्टी-फ्री पॅकमधला आवाजाचा तुकडा वापरला होता, तोच तुकडा परदेशातल्या कुणीतरी स्वतःच्या गाण्यात वापरून ते गाणं रजिस्टर केलेलं. आमचा वापर कायदेशीर होता पण मशीनला काय कळतंय. हरकत घेतली की समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात, तेवढे दिवस जीव टांगणीला, मग क्लेम सुटला. वाईट म्हणजे आमच्याच डिस्ट्रिब्युटरच्या (गाणी सगळ्या ॲपवर टाकणाऱ्या कंपनीच्या) फॉर्मवर गिटारवाल्याने पण कन्टेंट आयडीला टिक केलं होतं, म्हणजे उद्या आमच्यामुळे दुसऱ्या कुणाला तोच ताप. ते काढायला लावलं. बाकीच्या गाण्यांत असे जेवढे तुकडे होते ते गायिकेच्याच आवाजातनं कापून परत बनवले आणि खरं सांगायचं तर ते जास्त चांगले झाले.

ऐकणारे हजारांत आहेत, लाखांत नाहीत. पैसे सुटले नाहीत. पुण्यात एक शो झाला, सांगलीत एक. सांगलीच्या शोला लॅपटॉपच्या डाव्या चॅनेलवर ड्रमरसाठी क्लिक (ताल दाखवणारी टिकटिक) आणि उजव्यावर सिंथ असं ठेवलेलं, साऊंडवाल्याने केबल उलटी लावली आणि पहिलं अर्धं गाणं सगळ्या हॉलने टिक टिक टिक ऐकलं. काही लोकांना तो इफेक्ट वाटला. त्यानंतर स्टेजमागचं सगळं वायरिंग डीजे स्वतः करतो, डॉल्बीवाला आहे, त्याला ते आधीच द्यायला पाहिजे होतं.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, मालक-पद्धतीने आल्बम पूर्ण झाला पण तो एकसंध नाही. चार गाणी एका बँडची वाटतात, तीन दुसऱ्या. पुण्यातल्या एकाने विचारलं की हे स्प्लिट रिलीज, म्हणजे दोन बँडनी मिळून काढलेलं, आहे का. गिटारवाल्याला लागलं ते.

परत करायचं झालं तर

शेवटचा शब्द मी घेतला असता. किंवा निदान गाणी रेकॉर्ड व्हायच्या आधी वाटली असती, मिक्सला आल्यावर नाही, कारण मालकाला आपलं गाणं कळलं की तो डेमोतच सब आणि बेसची वाटणी करतो, मला काही करावं लागत नाही. तीन महिने एकेकाला एकटं भेटायला पण नको होतं, पाचही जण खोलीत असल्याशिवाय फेडरला (आवाज वरखाली करायच्या पट्टीला) हात नाही, असं म्हणायला पाहिजे होतं. चहा काय, सगळ्यांनी मिळून पण पिता येतो.

मतदान चुकीचं होतं असं मला अजूनही ठाम म्हणता येत नाही. कदाचित आल्बमच्या क्रमासाठी, कव्हरसाठी ते ठीक असतं. आवाजाच्या बाबतीत मात्र तीन-दोन म्हणजे नुसती सरासरी, आणि सरासरी ऐकायला कोण येतंय.

गोडाऊनचं म्हणाल तर ते सोडायचं नाही असं ठरलंय. नवीन तीन गाण्यांचं काम चालू आहे आणि आवाज सगळा एकाच आठवड्यात घ्यायचाय. काकांनी त्यासाठी चाळीस पोती हलवणार नाही असं कबूल केलंय, पण भाव चढला तर मात्र उचलणार म्हणालेत, त्यामुळे सध्या गायिका रोज सकाळी मार्केट यार्डातला हळदीचा दर बघते.